पाळी गेल्यावर: कॅल्शियमची गोळी की डंबेल्सची जोडी?

माझ्या थोरल्या बहिणीचा मागच्या महिन्यात फोन आला. वय ५२, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. "मेडिकलवाला कॅल्शियम, डी, कोलॅजेन असं सगळं घ्या म्हणतो, लेक म्हणते जिम लाव. दोन्हीकडे पैसे घालणं जमायचं नाही. एक काय ते सांग." तिला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आधी हाडांचं बघू, कारण खरी घाई तिथे आहे. जुनं हाड झिजवणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा लगाम असतो. पाळी जाताना तो सुटतो आणि नवं हाड भरण्यापेक्षा जुनं वेगाने झिजतं. पहिली पाच-सात वर्षं हा वेग सर्वांत जास्त असतो. म्हणजे "साठीनंतर बघू" म्हणायला सवड नाही.

गोळ्या इथे किती उपयोगी पडतात? अमेरिकेत ३६,२८२ बायकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व, सुमारे सात वर्षं. खुब्याच्या हाडाची घनता जेमतेम एक टक्का सुधारली, खुबा मोडण्याचं प्रमाण ठळकपणे घटलं नाही, मुतखडे मात्र वाढले. २०२२ मध्ये तिथल्याच दुसऱ्या मोठ्या अभ्यासात रोज २००० युनिट ड देऊनही हाडं मोडणं कमी झालं नाही. पण त्यातल्या बहुतेकांच्या अंगात ड मुळात पुरेसं होतं. आपल्याकडे तसं नसतं. ऑफिस, घर, पूर्ण बाह्या, सावली यांमुळे आपल्या बायकांच्या रक्तात ड फार वेळा कमी निघतं. म्हणून माझा हिशेब सरळ आहे: कमतरता असेल तर गोळी हवीच. नसेल तर ती जास्तीचं हाड बांधून देत नाही.

हाड बांधायचा हुकूम मिळतो तो भारातून. ऑस्ट्रेलियात हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायकांना दोन गटांत विभागलं. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनं उचलली आणि उडी मारून जमिनीवर उतरण्याचा सराव केला. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्के घटली. हे सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली झालं आणि पहिला महिना नुसता शिकण्यात गेला, हेही तेवढंच महत्त्वाचं.

"मी रोज चालते की," असं बहीण म्हणालीच. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम, पण मणक्यांच्या हाडाला त्याने फारसं काही मिळत नाही. पोहणं आणि सायकल यांत तर हाडावर भार जवळजवळ पडतच नाही.

आणि हाड बहुतेक वेळा मोडतं ते पडल्यामुळे. बाथरूमची ओली फरशी, रात्री अंधारात उठणं, जिन्याची शेवटची पायरी. तोल आणि मांड्यांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने कमी होतं. ओट्याला हात टेकून एका पायावर उभं राहणं, हात न लावता खुर्चीतून दहा वेळा उठणं, इथून सुरुवात करता येते. कॅल्शियमची गोळी तोल सावरत नाही.

गरम वाफांबाबत, म्हणजे पाळी जाताना अंगात अचानक उठणाऱ्या उष्णतेच्या लाटांबाबत, मात्र दोन्ही बाजू लंगड्या आहेत. सोयाबीनमधल्या आयसोफ्लेवोन या इस्ट्रोजेनसारख्या घटकाने काहींना थोडा आराम पडतो. इव्हनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास दिल्या जातात, पण त्यांच्या बाजूने भक्कम पुरावा नाही. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा "आयुर्वेदिकच तर आहे" म्हणून घेऊ नका. व्यायामाने झोप आणि मूड सुधारतो, वाफा थांबतीलच असं नाही. वाफांनी जीव नकोसा झाला असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा; त्यावर खात्रीचे उपचार आहेत.

एका गोष्टीवर बायका बोलत नाहीत. खोकताना, शिंकताना, उडी मारताना लघवी निसटते, आणि त्या लाजेने कितीतरी जणी व्यायामच सोडतात. यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम चांगले लागू पडतात. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, कारण चुकीचे स्नायू आवळले तर फायदा होत नाही.

पैशांचं म्हणाल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. अर्धा लिटर दुधातून सुमारे ६०० मिळतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं. त्यावर वाटीभर दही आणि चमचाभर तीळ घेतले तर फार थोडं कमी पडतं. तेवढ्यापुरतीच गोळी घ्यायची. शरीर एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नीट शोषत नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यावं, आणि थायरॉईडची गोळी असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं. ड ची ६०,००० युनिटांची पुडी आठवड्याला एक, ठरलेल्या आठवड्यांपुरतीच. चिठ्ठी संपल्यावरही वर्षभर घेत राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्याने रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. कोलॅजेनच्या डब्यावर मी पैसे घालणार नाही. त्या पैशात डाळ, अंडी, पनीर येतं, आणि व्यायामाने स्नायू वाढायला प्रथिनं लागतातच.

दोन ठिकाणी ही निवडच लागू होत नाही. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल, किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर औषधं लागतात. अशा वेळी खूप पुढे वाकायची आसनं आणि उड्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर गोळ्या-व्यायाम बाजूला ठेवून आधी तपासणी करा.

बहिणीची तपासणी झाली: ड कमी निघालं, हाडं मधल्या पायरीवर, म्हणजे घनता कमी पण उणे २.५ पर्यंत घसरलेली नाही. तिला आठ आठवड्यांच्या पुड्या दिल्या आहेत, दुपारच्या जेवणासोबत कॅल्शियमची एक गोळी, आणि उरलेले पैसे मंगळवार-शुक्रवारच्या प्रशिक्षकाला. पहिल्या आठवड्यात तिने दोन-दोन किलोचे डंबेल्स उचलले. परवा म्हणाली, गॅसचा सिलिंडर सरकवायला आता कुणाला हाक मारली नाही.