गॅत्तिनारा रिझेर्वा 2016: पहिल्या घोटावर मत बनवू नका

आधी निकाल सांगते: गॅत्तिनारा ही उत्तर इटलीतली लाल वाईन उत्तम आहे, पण ज्यांना घाई आहे त्यांनी घेऊ नये. गेल्या उन्हाळ्यात इथे टूरिनमध्ये सहा बाटल्यांचं खोकं मागवलं आणि तेव्हापासून अधूनमधून एकेक उघडतेय. बाटलीला तीसेक युरो पडले. द्राक्ष बरोलो या नावाजलेल्या इटालियन वाईनचंच, नेब्बिओलो, पण नावाचे जादा पैसे नाहीत.

रंग बघून पाहुणे हमखास विचारतात, पाणी घातलंय का? ग्लास तिरका धरला की कडेला विटकरी छटा दिसते आणि पलीकडची बोटंही जवळजवळ दिसतात. या द्राक्षाचा रंग असाच फिका असतो, त्यावरून ताकद जोखायची नाही. तोंडात घेतली की कळतं. उकळून काळ्या झालेल्या कोऱ्या चहासारखा तुरटपणा हिरड्यांना धरतो आणि मागून आंबटपणा येतो.

हे दोन्ही गुण मुळात या द्राक्षाचेच, पण आंबटपणाला तिथल्या हवेचीही साथ असते. गॅत्तिनारा हे गाव बरोलो गावाच्या बरंच उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी, सेसिया नदीच्या काठावर आहे. वर 4,634 मीटरचा मोंते रोझा पर्वत. उतारावर दिवसा ऊन लागतं, रात्री डोंगरावरची थंड हवा उतरते. द्राक्षं रेंगाळत पिकतात, तोडणी बहुतेक ऑक्टोबरात होते आणि तोवर आंबटपणा टिकून राहतो. जमीन प्राचीन ज्वालामुखीची, आम्लधर्मी. सगळ्या मळ्यांचं क्षेत्र शंभर हेक्टरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या गावाची शिवारं याहून मोठी असतील. रिझेर्वा म्हणायचं तर किमान 47 महिने मुरवावी लागते, त्यातले 36 लाकडी पिंपात. एवढं करूनही 2016 ची वाईन अजून तरुणच वाटते.

माझा खरा अनुभव दुसऱ्या दिवसाचा आहे. संध्याकाळी बूच काढलं की आधी लोखंडासारखा वास, थोडी संत्र्याची साल, बाकी सगळं मिटलेलं. अर्धी बाटली पिऊन उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी जेवणाआधी तासभर बाहेर काढायची. तेव्हा सुकलेला गुलाब येतो, आंबट चेरी येते आणि तुरटपणाची धार बोथट होते. दर बाटलीला हेच झालं. डिकँटरमध्ये, म्हणजे वाईनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या काचेच्या सुरईत, ओतून दोन-तीन तास ठेवूनही पाहिलं, फरक पडतो, पण रात्रभराची सर नाही. तळाशी गाळ असतो, म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा आणि शेवटचा घोटभर ओतू नका. गॅत्तिनारातल्या त्राव्हाल्यीनी या वाईन करणाऱ्या घराण्याची वाकडी बाटली प्रसिद्ध आहे, तिचा बाक गाळ अडवायलाच दिलेला. माझी बाटली साधी, त्यामुळे हात स्थिर हवा.

तक्रार एकच, आणि ती वाईनबद्दल नाही. ऐन जुलैत कुरिअरच्या गाडीत खोकं दिवसभर तापत राहिलं. एका बाटलीचं बूच वर सरकलेलं, कडेने चिकट ओघळ, आणि आत शिजवलेल्या जॅमचा वास. दुकानदाराने बदलून दिली, पण सल्ला हाच की उन्हाळ्यात मागवू नका.

खाण्याचं म्हणाल तर तांबड्या रश्श्याबरोबर अजिबात नको. तिखटाने तुरटपणा दुप्पट होतो आणि अल्कोहोल जाळत जातं. जिरं-मिरं घालून मंद शिजवलेलं मटण, तिखट बेताचं, याच्याशी छान जमली. पण खरी जोडी पानिस्साशी: तांदूळ, राजम्यासारखे बोरलोत्ती दाणे आणि सलामी एकत्र शिजवतात. गॅत्तिनारा ज्यात येतं त्या व्हेर्चेल्ली जिल्ह्यातलाच पदार्थ. गॅत्तिनाराच्या टेकड्या उतरून खाली गेलं की भातखाचरं सुरू होतात, मे महिन्यात पाण्याने भरलेली. कोकणातल्या माणसाला तिथे घरचं वाटेल, फक्त मागे बर्फाचे डोंगर.

पुण्याला नेऊन वर्षानुवर्षं मुरवावी असं कोणाच्या मनात असेल तर घरी वाईनचा फ्रिज हवा. माळ्यावर किंवा स्वयंपाकघरातल्या फडताळात ती एप्रिल-मे काढणार नाही. मी डिसेंबरात नेते, विमानतळावरच्या दोन लिटरच्या सवलतीत दोन बाटल्या बसतात, आणि परतायच्या आत दोन्ही उघडून टाकते. त्यातही एक आदल्या रात्रीच.