आवाजही ऐकू येतात, जुना आघातही छळतो: पीई की ईएमडीआर?

"भावाला सायकोसिस आहे. आघात उकरला तर बिघडेल का?" एका ताईंचा प्रश्न. सायकोसिस म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाशी नातं तुटणारा आजार. भीती रास्तच. पण 2015 च्या डच अभ्यासात सायकोसिस आणि पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार) दोन्ही असलेल्या 155 जणांपैकी उपचार घेणाऱ्यांना पीई (प्रोलाँग्ड एक्सपोजर) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींवर आधारित उपचार) यांपैकी एका मानसोपचाराची 90 मिनिटांची 8 सत्रं दिली. प्रतीक्षा यादीतल्यांपेक्षा गंभीर त्रास वाढला नाही.

मेहनत पीईत जास्त. घटना पुन्हापुन्हा सांगायची, तेच ध्वनिमुद्रण घरी ऐकायचं, टाळलेल्या जागी जायचं. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून नजर डावीउजवीकडे फिरवायची, गृहपाठ नाही.

परिणाम? दोन्हींत निम्म्याहून जास्त जणांचं पीटीएसडीचं निदान सुटलं. गळतीही जवळपास सारखी.

टाळाटाळीने घरातच कोंडून घेतलेल्याला पीई. तपशील तोंडातून निघतच नसेल तर ईएमडीआर. सायकोसिसची औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.