सेंट अँड्र्यूज की कार्नूस्टी?

स्कॉटलंडला जायचं ठरलंय, हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) अठरा-वीसच्या घरात आहे आणि खिशाला एकच मोठा राउंड परवडणार आहे, अशा नाशिककर गोल्फरसाठी हे लिहितोय. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स आणि कार्नूस्टी ही दोन्ही लिंक्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरची मैदानं सार्वजनिक आहेत. ना सभासदत्व लागतं, ना कुणाची ओळख. मात्र फी दणदणीत. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सला उन्हाळ्यात तीनशे पौंडांच्या वर मोजावे लागतात आणि कार्नूस्टीही काही स्वस्त नाही, त्यामुळे पैशांवरून निवड करू नका.

खेळायला ओल्ड कोर्स त्यातल्या त्यात दयाळू. पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) सामाईक, त्यामुळे पहिला फटका डावीकडे भरकटला तरी चालतं. खरी परीक्षा पुढे. 112 बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे आहेत आणि त्यातले बरेचसे टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून दिसतच नाहीत. सतराव्या 'रोड होल'वर ग्रीनच्या (खळगा असलेल्या बारीक गवताच्या जागेच्या) मागचा रस्ताही खेळाचाच भाग. चेंडू डांबरावर थांबला तर तिथूनच मारायचा. जपानचा नाकाजिमा 1978 च्या ओपनमध्ये (ब्रिटनच्या सर्वात मोठ्या गोल्फ स्पर्धेत) याच ग्रीनजवळच्या बंकरमध्ये अडकला आणि त्या होलवर त्याचे एकूण नऊ फटके झाले.

कार्नूस्टीत दयामाया नाही. होल वेगवेगळ्या दिशांना वळतात, म्हणून वारा कधी समोरून, कधी बाजूनं. शेवटच्या दोन होलवर बॅरी बर्न हा ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो. 1999 च्या ओपनमध्ये फ्रान्सचा व्हॅन द वेल्ड तीन फटक्यांची आघाडी घेऊन अठराव्या टीवर आला, बूट-मोजे काढून त्या ओढ्यात उतरला, सात फटके घेतले आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरीकडून हरला. सोळावा पार-थ्री (तीन फटक्यांत संपवायचा होल) तर असा, की 1975 ची ओपन इथं जिंकलेल्या टॉम वॉटसनलाही तिथं एकदाही पार, म्हणजे तीन फटके, साधता आले नाहीत. आपण किस झाड की पत्ती!

खरा फरक बुकिंगचा. कार्नूस्टीची वेळ आधीच पक्की होते, तर ओल्ड कोर्सला बहुतेकांना सोडतीवर भिस्त ठेवावी लागते. किमान दोघांचं नाव, तेही दोन दिवस आधी; एकट्यानं जाणाऱ्याला आदल्या दिवशी तिथं प्रत्यक्ष जाऊन नाव द्यावं लागतं. रविवारी मैदान खेळायला बंद, लोक कुत्री फिरवतात. विमानाचं तिकीट काढून सोडतीच्या भरवशावर बसणं मला पटत नाही. म्हणून माझा कौल कार्नूस्टीला. सेंट अँड्र्यूज गावात दोन-तीन रात्री असाल तर ओल्ड कोर्सच्या सोडतीत नाव टाका, लागलं तर लागलं. इतिहासासाठीच जाणाऱ्यानं मात्र माझं ऐकू नये.

तयारी दोन्हीकडे सारखीच. आपल्याकडच्या मऊ ग्रीनवर उंच मारलेला चेंडू जागीच बसतो. तिथली जमीन टणक, चेंडू टप्पा खाऊन ग्रीनच्या पलीकडे निघून जातो. ग्रीनबाहेर वीस-तीस यार्डांवरूनही बिनधास्त पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवायची काठी) काढा. जूनमध्ये गंगापूर धरणाच्या काठावर सुटतो तशा वाऱ्यात ठेंगणे फटके घोटून घ्या. दोन्हीकडे चालतच खेळायचं असतं, तेव्हा नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरचे सकाळचे चालण्याचे राउंडही वाढवा.

कार्नूस्टीचं रेल्वे स्टेशन मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सेंट अँड्र्यूजला रेल्वे नाही; ल्यूकर्सला उतरून बस किंवा टॅक्सी धरावी लागते. निघण्यापूर्वी हँडिकॅपचं सर्टिफिकेट क्लबकडून घ्या आणि छत्रीऐवजी चांगला रेनसूट बॅगेत टाका, त्या वाऱ्यात छत्री उलटी होते.