स्प्लिट विशबोन की फोर-बार?

१९३२ च्या फोर्डमध्ये पुढच्या सरळ अ‍ॅक्सलला जागेवर धरायला व्ही आकाराचा दांडा, म्हणजे विशबोन असे. त्याचं मागचं टोक मधोमध एकाच बॉलवर टेकलेलं, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी अ‍ॅक्सल मोकळेपणाने कलायचा. अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांनी (जुन्या गाड्या बदलून वेगवान करणाऱ्यांनी) नव्या इंजिन-गिअरबॉक्सला जागा हवी म्हणून तो मधून कापला आणि टोकं चासीच्या दोन बाजूंना नेली. हा स्प्लिट विशबोन. दिसायला अस्सल, पण एक चाक उचललं की अ‍ॅक्सलला पीळ बसतो. घडीव आय-बीम (इंग्रजी I सारख्या छेदाचा अ‍ॅक्सल) तो सोसतो, पोकळ नळीचा ट्यूब अ‍ॅक्सल नाही. स्प्लिट विशबोन आणि ट्यूब अ‍ॅक्सल ही जोडी कृपा करून लावू नका.

फोर-बारमध्ये विशबोनऐवजी अ‍ॅक्सल धरायला दोन्ही बाजूंना दोन-दोन समांतर दांडे. चाक वर-खाली झालं तरी कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) जवळपास तोच राहतो, ट्यूब अ‍ॅक्सलही चालतो. पाच ते सात अंशांचा कॅस्टर दांड्यांची टोकं फिरवून जमवता येतो. विशबोनमध्ये तो बराचसा ब्रॅकेटच्या जागेवर ठरतो, म्हणून इंजिनाचं वजन बसल्याशिवाय पक्कं वेल्डिंग नकोच.

मडगार्ड नसलेल्या गाडीत मात्र फोर-बार लगेच डोळ्यात भरतो, सत्तरच्या दशकातला वाटतो. पन्नाशीच्या दशकातलं रूप हवं असेल, तर मी आय-बीम आणि स्प्लिट विशबोनच लावेन.