मुक्तच्या बीएवर रेग्युलर एमए: दोन सेमिस्टरनंतरचा अनुभव

मुक्त विद्यापीठाची बीए काय असते, अभ्यास केंद्र कसं चालतं हे बहुतेकांना माहीतच आहे, ते परत सांगत नाही. मी मेडिकलच्या दुकानात काउंटर सांभाळत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं आणि आता एका रेग्युलर कॉलेजात एमए अर्थशास्त्राला आहे. कॉलेजचं नाव घेत नाही. परवा एका ओळखीच्या मुलीला तिथल्याच ॲडमिशनच्या खिडकीवरून परत पाठवलं ते ऐकून डोकं फिरलं, म्हणून लिहितेय.

माझ्या ॲडमिशनला मी मार्कशीट खिडकीतून आत दिली, क्लार्कने वरचं नाव वाचलं, उलटून मागची बाजू बघितली आणि म्हणाला, "हे मुक्तचं आहे, समकक्षता आणा, एआययूचं." समकक्षता म्हणजे पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचा दाखला, आणि एआययू म्हणजे भारतातल्या विद्यापीठांचा संघ. आता एआययूची समकक्षता हा परदेशातल्या पदवीचा विषय. नाशिकचं हे मुक्त विद्यापीठ १९८९ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायदा करून काढलंय, त्याला कसली समकक्षता? पण खिडकीबाहेर उभं राहून हे सांगायला कागद लागतो, नुसत्या तोंडी बोलण्याला तिथे कोणी विचारत नाही. म्हणून पहिलं काम सांगते, युजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२० चे दूरशिक्षणाचे नियम डाउनलोड करा, त्यातला २२ वा नियम प्रिंट काढा. मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, असं त्यात सरळ लिहिलंय. हेच युजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये परत जाहीर केलं, ते पत्रकही जोडा. आणि तुमच्या कोर्सला तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षी मान्यता होती का, ते युजीसीच्या डीईबीच्या, म्हणजे दूरशिक्षण विभागाच्या, साइटवरून काढून ठेवा, कारण मान्यता नुसती विद्यापीठाला असून भागत नाही. मी हे तिन्ही कागद पिन मारून दिले, क्लार्क आत जाऊन मॅडमना दाखवून आला आणि फॉर्म घेतला. जो नियम त्यांनी आम्हाला सांगायचा तो आम्ही आमच्या पैशाने झेरॉक्स काढून त्यांना दाखवायचा, याचा राग अजून जात नाही. दुकानातून अर्धा दिवस सुट्टी म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार जातो, तो कोण देणार?

दुसरं मायग्रेशन, म्हणजे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जायचा दाखला. हे निकालाबरोबर आपोआप येत नाही, विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करून फी भरून घ्यावं लागतं, त्यामुळे निकाल लागला त्याच आठवड्यात अर्ज टाका. तोपर्यंत कॉलेज हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश देतं, पण पात्रता कायम होत नाही. आणि ओरिजिनल मायग्रेशन ते ठेवून घेतात, परत देत नाहीत, तेव्हा देण्याआधी नीट स्कॅन करून घ्या.

माझी बारावी झालेली होती, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. ज्यांनी बारावी न करता मुक्तच्या पूर्वतयारी कोर्सवरून बीए केलंय त्यांनी मात्र फी भरायच्या आधीच विचारा, काही ठिकाणी १०+२+३ (दहावी, बारावी, मग तीन वर्षांची पदवी) बघतात.

आता अभ्यासाचं. सुरुवातीला मला वाटायचं की वर्गात आपण मागे पडणार, रेग्युलरवाल्या पोरांनी तीन वर्षं लेक्चरं ऐकलीत. पहिल्या सेमिस्टरनंतर मत बदललं. मुक्तची पुस्तकं स्वतः वाचून समजावीत अशीच लिहिलेली असतात, समजावून सांगायला रोज कोणी नसतं, त्यामुळे आख्खं प्रकरण एकटीने वाचून काढायची सवय लागते, वर्गातली बरीच मुलं गाइडच्या पलीकडे जात नाहीत. मागणीची लवचिकता मी काउंटरवर रोज बघतेय, बीपीच्या गोळीचा भाव वाढला तरी लोक घेतात आणि शाम्पूचा वाढला की पाऊचवर येतात. सरांनी उदाहरण विचारलं तेव्हा हेच सांगितलं आणि त्यांनी ते फळ्यावर घेतलं. त्या दिवशी फार बरं वाटलं.

अवघड गेलं ते सेमिनार. उभं राहून पीपीटीवर बोलायची सवयच नव्हती. पहिल्या सेममधलं रिसर्च मेथडॉलॉजीही जड गेलं, पण ते सगळ्यांनाच जातं.

नोकरी करणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, नवीन शैक्षणिक धोरणाच्या पॅटर्नमध्ये एमएच्या पहिल्याच वर्षी ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामाचा अनुभव) आहे, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. हे प्रॉस्पेक्टसमध्ये एका ओळीत असतं आणि मग ऐनवेळी धावपळ. मी ज्या दुकानात काम करते तिथलेच खरेदी-विक्रीचे हिशेब, स्टॉक, एक्स्पायरीचा माल यावर रिपोर्ट केलाय, मालकांनी लेटरहेडवर पत्र पण दिलं. सरांनी तोंडी हो म्हटलंय, विभागाची सही अजून व्हायचीय, ती झाली की लिहिते.