पुण्याच्या गच्चीवरून तेजोमेघ: सीस्टार एस५० घ्यावा का?

आधीच सांगतो, सीस्टार एस५० या टेलिस्कोपचा हा रिव्ह्यू पुण्यातल्या सोसायटीच्या गच्चीवरून लिहिलाय. यूट्यूबवर एस५० चे ढिगाने व्हिडिओ आहेत पण बघावं तर कोणीतरी इंग्लंडात नाहीतर अमेरिकेत घरामागच्या हिरवळीवर उभं असतं, आणि त्यांचं आकाश वेगळं, आपलं वेगळं. मशीन तेच असलं तरी १८.५ अंश अक्षांशावर ते जरा वेगळं वागतं आणि ही गोष्ट कोणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: झेडडब्ल्यूओ कंपनीचा हा २०२३ साली आलेला स्मार्ट टेलिस्कोप. ५० मिमीची लेन्स, २५० मिमी फोकल लेंथ, आत सोनीचा आयएमएक्स४६२ सेन्सर, मोटर, फोकसर, फिल्टर, दव पडू नये म्हणून हीटर, बॅटरी, सगळं एकाच डब्यात, वजन अडीच किलो. डोळा लावून बघायला आयपीस नाहीच, जे काय दिसेल ते फोनवर. लेव्हल करायचा, ॲपमध्ये एम४२ (मृगातला तेजोमेघ, म्हणजे चमकणाऱ्या वायूचा ढग) लिहायचं, तो स्वतःच आकाशाचे फोटो काढून तारे ओळखतो, आपण कुठे बघतोय ते ठरवतो आणि वळतो. मग दहा-दहा सेकंदांचे फोटो एकावर एक रचत जातो (यालाच स्टॅक करणं म्हणतात) आणि तुमच्या डोळ्यांसमोर तो धुरकट ठिपका फुलत जातो.

हेच जुन्या पद्धतीने करायचं तर इक्वेटोरियल माउंट (आकाशाबरोबर फिरणारा स्टँड), डीएसएलआर किंवा कूल्ड कॅमेरा, गाइडस्कोप, लॅपटॉप, वायरींचं जंजाळ, आणि दरवेळी ध्रुवतारा शोधून पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर आणि आमच्या उत्तरेला बारा मजली बिल्डिंग, संपला विषय. एका मित्राकडे असा पूर्ण सेटअप आहे, त्याचे फोटो माझ्यापेक्षा कितीतरी सरस येतात, पण तो मांडून-अलाइन करून पहिली फ्रेम घेईपर्यंत माझा तासभराचा डेटा जमलेला असतो.

आता मुद्द्याचं, प्रकाश. आमच्या गच्चीवरून मृग दिसतं, व्याध दिसतो, आकाशगंगा म्हणाल तर विसरा. एस५० मध्ये आतच एक ड्युअल बँड फिल्टर आहे, तो मुख्यतः दोनच रंग आत सोडतो, हायड्रोजन-अल्फा (६५६ नॅनोमीटर) आणि ऑक्सिजनची ५०१ नॅनोमीटरच्या आसपासची हिरवट-निळी रेषा. तेजोमेघ नेमके याच रंगांत उजळतात त्यामुळे शहरातला बराचसा कचरा गाळला जातो. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश ५८९ ला असायचा, तो अशा फिल्टरने जवळजवळ साफ जायचा, आता रस्तोरस्ती पांढरे एलईडी आलेत आणि त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला, थोडा तरी गळतोच. तरीही फरक जमीन-अस्मानाचा. फिल्टर बंद करून एम४२ घ्या आणि चालू करून घ्या, स्वतःच बघा.

(गंमत म्हणजे त्या ऑक्सिजनच्या रेषेचं पुण्याशी जुनं नातं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी इंजिनियरिंग कॉलेजात, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती, २० इंची आरशाची दुर्बीण होती, आणि कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातल्या याच तेजोमेघाच्या वर्णपटातल्या मुख्य रेषेवर १८९१ च्या सुमारास काम केलं. ती रेषा कशाची हे तेव्हा कोणालाच कळलेलं नव्हतं, नेब्युलियम नावाचं नवीनच मूलद्रव्य लोक धरून चालले होते. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे हे १९२७ मध्ये आयरा बोवेनने दाखवलं. आज तीच रेषा पकडणारा फिल्टर फोनवरून एका टॅपवर चालू होतो.)

पण फिल्टरला मर्यादा आहे. तो वायूच्या तेजोमेघांसाठी. कृत्तिकांभोवतीचं निळं धुकं म्हणजे धुळीवरून परावर्तित झालेला ताऱ्यांचाच प्रकाश, तिथे फिल्टर काही कामाचा नाही. दीर्घिकांचंही तेच. देवयानी दीर्घिकेसाठी (अँड्रोमिडा गॅलेक्सी) हे घेत असाल तर शहराबाहेर जायची तयारी ठेवा, शिवाय ती या फ्रेममध्ये मावतही नाही.

फ्रेमचं सांगायचं तर साधारण १.२७ बाय ०.७२ अंश, उभी. पूर्ण चंद्र अर्धा अंश, त्यावरून अंदाज घ्या. एम४२ छान बसतो, अश्वमुख आणि बाजूचा फ्लेम हे दोन्ही तेजोमेघ येतात, रोझेट तेजोमेघ मात्र रुंदीत कापला जातो. त्यासाठी नंतरच्या अपडेटमध्ये मोझेक मोड आलाय, पण मोझेक म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त जागा रंगवणं, प्रत्येक तुकड्याला वेळ कमी मिळतो, शहरात ते चांगलंच जाणवतं. रिझोल्यूशन १०८० बाय १९२०, इन्स्टावर झकास, भिंतीवर मोठी फ्रेम लावायचा विचार असेल तर मन घट्ट करा.

आता आपल्या अक्षांशाची भानगड. हा टेलिस्कोप ऑल्ट-ॲझ आहे म्हणजे वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतो, त्यामुळे तारा मध्यभागी धरून ठेवला तरी बाकीचं चित्र त्याच्याभोवती हळूहळू गोल फिरतं. याला फील्ड रोटेशन म्हणतात आणि वस्तू जितकी डोक्याजवळ तितकं ते जोरात. लंडनहून एम४२ जास्तीत जास्त ३३ अंशांपर्यंत चढतो, तिथे चित्र ताशी ११ अंशांच्या आसपास फिरतं. पुण्यात तोच ६६ अंशांवर जातो आणि चित्र ताशी ३५ अंशांनी फिरतं! तिप्पट. म्हणून "वस्तू सगळ्यात उंच असताना घ्या" हा जो सल्ला सगळीकडे असतो तो आपण या यंत्राला जसाच्या तसा लावायचा नाही. मृग पूर्वेला ३०-५० अंशांवर असताना घ्या, डिसेंबरच्या मध्यात साधारण साडेआठ ते साडेदहा, तेव्हा ४० अंशांवर फिरणं ताशी सात-आठ अंशच असतं. कोपऱ्यातले तारे गोल राहतात आणि स्टॅक केल्यावर कडा कमी वाया जातात. वीस सेकंदांचं एक्स्पोजरही याच वेळात वापरून बघा, माथ्यावर दहाच ठेवा.

यावर उपाय म्हणून २०२५ मध्ये ईक्यू (इक्वेटोरियल) मोड आला, टेलिस्कोप ध्रुवाकडे झुकवायचा की रोटेशनच नाही. ऐकायला मस्त. पण लंडनवाल्याला तो उभ्यापासून ३८-३९ अंश झुकवायचाय आणि आपल्याला ७१ च्या वर, म्हणजे जवळजवळ आडवा! सोबत येणाऱ्या छोट्या ट्रायपॉडवर हा उद्योग करू नका. जड ट्रायपॉड, त्याचा एक पाय बरोबर उत्तरेला, टेलिस्कोप तिरका धरायला चांगला वेज किंवा फ्लुइड हेड, शक्यतो मागून वजन टांगलेलं, तरच. एक बरं आहे, ध्रुवतारा प्रत्यक्ष दिसायची गरज नाही, ॲप आकाशाचे फोटो घेऊनच किती हलवायचं ते सांगतं, त्यामुळे बारा मजली बिल्डिंग आडवी आली तरी चालतं.

आपल्या बाजूने पण काहीतरी आहे की. धनु राशीतला लगून तेजोमेघ, एम८, आपल्याकडे ४७ अंशांपर्यंत येतो, लंडनवाल्यांकडे तो क्षितिजाला घासून जातो. फक्त त्याचा सीझन आणि आपला पावसाळा एकच, मग एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर जागा नाहीतर ऑक्टोबरात अंधार पडल्या पडल्या उरकून घ्या. आणि कॅरिना तेजोमेघ! एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला १२ अंशांवर येतो, गोव्यात १५ वर. युरोपातून हा दिसतच नाही. शहरातून धुरळ्यामुळे कठीण, पण दक्षिण मोकळी असेल अशी कोकणातली किंवा भोर-वेल्ह्याकडची जागा मिळाली तर सोडू नका.

गच्चीवाल्यांसाठी थोडं. स्लॅबवर कोणी शतपावली करत असेल किंवा लिफ्टची मोटर खाली घुरघुरत असेल तर फ्रेमा हलतात, ॲप त्या स्वतःच टाकून देतं पण वेळ जातो. पाण्याच्या टाकीआड ठेवा, वाराही अडतो. टेलिस्कोपचं स्वतःचं वायफाय काँक्रीटचे मजले ओलांडून घरात येईल ही अपेक्षा ठेवू नका, तो घरच्या वायफायला जोडता येतो, गच्चीवर रेंज पोचत असेल तर खाली बसून निवांत जेवा. पॉवरबँक लावली की बॅटरीची चिंता नाही. आणि सेक्रेटरी काकांना पहिल्याच दिवशी चंद्र दाखवून टाका, नाहीतर हा नवीन सीसीटीव्ही कोणाच्या परवानगीने लावला म्हणून विचारणा होणार.

ॲपमधून थेट येणारा फोटो शेअर करायला ठीक आहे पण एम४२ चा गाभा त्यात पांढराफट्ट जळतो, तिथले ट्रॅपेझियम नावाचे चार तारे शोधावे लागतात. प्रत्येक फ्रेम एफआयटीएस (खगोल फोटोंचा कच्चा फॉरमॅट) फाइल म्हणून सेव्ह करायचा पर्याय चालू ठेवा, एक फ्रेम चार एमबीची, तासाला दीड जीबी धरा. मग कॉम्प्युटरवर सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करा, ग्राएक्सपर्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरने शहराच्या उजेडाचा डाग काढा, दोन्ही फुकट आहेत. एआय डीनॉइज (एआयने फोटोतले दाणे पुसणं) मला आवडत नाही, वायूचे धागे प्लॅस्टिकचे दिसायला लागतात. त्यापेक्षा अजून एक तास डेटा घ्या.

किंमत बाहेर आला तेव्हा ४९९ डॉलर होती, आपल्याकडे ड्यूटी आणि जीएसटी धरून बरीच वर जाते आणि भाव हलत राहतो. वॉरंटी कोण देणार, बिघडला तर पाठवायचा कुठे, हे घेण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या. सूर्यासाठीचा फिल्टर बॉक्समध्येच येतो, वेगळा विकत घेऊ नका.

याच कंपनीचा छोटा सीस्टार एस३० घेऊ का असं बऱ्याच जणांनी विचारलंय. त्याची लेन्स ३० मिमी आणि फोकल लेंथ १५०, म्हणजे प्रकाश कमी गोळा करतो पण फ्रेम मोठी, रोझेट जवळजवळ अख्खा मावतो, आणि हलका असल्यामुळे तो ७१ अंशांचा झुकावही त्याला तुलनेने सोपा जातो. गच्चीवरून मुख्यतः एम४२, लगून, अश्वमुख करायचे असतील तर एस५०. बॅगेत टाकून भटकायचं आणि मोठमोठे तेजोमेघ हवेत, तर एस३० घ्या आणि उरलेल्या पैशांत दणकट ट्रायपॉड.