लॅमिंग्टन रोड: काय घ्यावं आणि काय अजिबात घेऊ नये

हॉबी इलेक्ट्रॉनिक्स सुरू केलं की कोणी ना कोणी सांगतंच, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, तिथं सगळं मिळतं. मिळतं हे खरंच आहे, पण सगळं तिथूनच घ्यायचे दिवस आता गेले असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तरीही मी हा बाजार सोडणार नाही, का ते सांगतो.

पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे पण बोलताना अजून लॅमिंग्टन रोडच. वेस्टर्न लाइननं ग्रँट रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडायचं, तिथून चालत जवळ आहे, आणि आता मेट्रो ३ चं ग्रँट रोड स्टेशनही झालंय त्यामुळे बीकेसी, मरोळकडच्यांची सोय झाली. रविवारी बहुतेक बंद असतं, सकाळी अकराच्या आधी जाऊन काही उपयोग नाही. आणि फेब्रुवारी मार्चमधला शनिवार टाळाच, फायनल इयरची पोरं प्रोजेक्टसाठी तुटून पडलेली असतात, काउंटरवर दोन शब्द बोलायला मिळत नाहीत.

रस्त्यावरून नुसतं बघितलं तर लॅपटॉप, सीसीटीव्ही, राउटर हेच दिसेल आणि वाटेल की कंपोनंटवाले, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉनिक पार्ट विकणारे, गेले कुठे. ते आतल्या बिल्डिंगमध्ये, जिन्याखाली, पोटमाळ्यावर आहेत, लाजायचं नाही, आत शिरायचं. यादी कागदावर लिहून न्या, व्हॅल्यू आणि वॉटेज सकट. "रेझिस्टर द्या" म्हटलं तर तो तुमच्याकडे बघत बसेल, "१० के (किलोओहम), पाव वॉट, शंभर नग" म्हटलं की ड्रॉवर उघडून हातात पुडी.

इथून डोळे झाकून काय घ्यावं तर रेझिस्टर, बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी), रिलिमेट कनेक्टर (वायर जोडायचे प्लास्टिकचे कनेक्टर), झिरो पीसीबी (भोकं पाडलेला कोरा बोर्ड), स्विच, नॉब, हीटसिंक, मीटरच्या मापानं मिळणारी वायर, प्रोजेक्ट बॉक्स. ऑनलाइन फोटोत नॉब छान दिसतो आणि घरी आल्यावर पॉटच्या (पोटेन्शिओमीटरच्या) शाफ्टवर बसतच नाही, इथं लगेच बसवून बघता येतो, ही सोय कुठल्याच वेबसाइटला नाही.

आणि ट्रान्सफॉर्मर. हा तर मी म्हणेन इथूनच घ्या, कारण जड वस्तू कुरिअरनं मागवण्यात अर्थ नाही आणि ही हातात धरून घ्यायची वस्तू आहे. समजा १२-०-१२ (मधल्या वायरपासून दोन्हीकडे १२-१२ व्होल्ट), १ अँपिअर पाहिजे, तर दोन दुकानातले दोन नग हातात घेऊन वजन बघा, एक खूपच हलका लागला तर कोअरमध्ये नाहीतर वायरमध्ये बचत केलेली असते, तांब्याच्या जागी अॅल्युमिनियमचं वाइंडिंगही असू शकतं. दुकानदाराला प्लग लावून दाखवायला सांगा, आणि मल्टिमीटर आपला न्यावा. लोड नसताना १२ च्या जागी १३-१४ व्होल्ट दाखवेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, लोड लागला की खाली येतो. गुणगुण बारीक असली तर चालेल, पण लॅमिनेशन (कोअरच्या लोखंडी पट्ट्या) खडखडत असेल तर सरळ परत ठेवा. काही जण तुम्ही सांगाल त्या व्होल्टेजचा वाइंड करूनही देतात, अॅम्प्लिफायरवाल्यांना हे फार उपयोगाचं.

आता काय घेऊ नये. १८६५० सेल, म्हणजे चार्ज होणारे गोल लिथियम सेल. वेष्टनावर क्षमता ९९०० एमएएच लिहिलेलं असलं की समजून जा, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब डब्यात एवढं मावतच नाही, चांगल्यातला चांगला सेलसुद्धा साधारण ३५०० च्या आसपास असतो आणि वजन ४५ ग्रॅमच्या पुढे भरतं. जुन्या लॅपटॉप बॅटरीतले सेल काढून नवीन वेष्टन चढवलेलेही फिरत असतात. लिथियमशी खेळ नको, घरात आग लागते, इथं दहा-वीस रुपये वाचवणं म्हणजे वेडेपणा आहे.

दुसरं म्हणजे पॉवरचे पार्ट. २एन३०५५ सारखा जुना ट्रान्झिस्टर, एलएम२५९६ चे बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारे), यांच्यात नकली माल भरपूर. काउंटरवरचा माणूस स्वतःच विचारतो, "ओरिजनल देऊ का चायना?" आणि हा प्रश्न मला प्रामाणिक वाटतो, पण ओरिजनल म्हणून जे येतं ते तिथं उभं राहून तपासता येत नाही, मीटरनं नुसतं जिवंत आहे की मेलेलं एवढंच कळतं. विकलेले आयसी (चिप) परत घेत नाहीत, आणि बाजारात हा नियमच आहे म्हणून तक्रार नाही. जिथं भरवशाचाच पार्ट पाहिजे तिथं मौसर, डिजी-की, एलिमेंट१४ असे अधिकृत डिस्ट्रिब्युटर, शिपिंग जड जातं तर चार मित्रांची ऑर्डर एकत्र करा. मॉड्यूल, सेन्सर, ईएसपी३२ (वायफायवाला कंट्रोलर बोर्ड) वगैरे मी पुण्याच्या रोबू या ऑनलाइन दुकानातून मागवतो, प्रत्येक वस्तूची माहिती लिहिलेली असते.

आर्डुइनो ऊनो या शिकाऊंच्या कंट्रोलर बोर्डाचा क्लोन मात्र बिनधास्त घ्या. आर्डुइनोचं डिझाइन मुळातच खुलं आहे त्यामुळे क्लोन बनवणं काही चोरी नाही, फक्त त्यावर आर्डुइनोचा लोगो छापून विकत असतील तर तो घेऊ नये. यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते, कॉम्प्युटरनं बोर्ड ओळखला नाही तर आधी तिचा ड्रायव्हर टाका, बोर्डला दोष देऊ नका. जंपर वायरच्या पुडीला चुंबक लावून बघा, पिनाच नव्हे तर आतली तारसुद्धा चिकटली तर ते स्टील आहे, तांबं नाही, ब्रेडबोर्डवर उगाच डोकं खाईल.

दुकानदार भाव सांगतो त्यात थोडी घासाघीस चालते पण दोन रुपयांच्या कपॅसिटरसाठी करू नका, तो माणूस तुमच्यासाठी चाळीस ड्रॉवर उघडतोय. मोठी खरेदी असेल तर पक्कं बिल मागा.

सोल्डरिंगसाठी सोल्डरॉन कंपनीची २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न घ्या, बिगिनरला पुरते. सोल्डर वायरवर ६०/४० (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) लिहिलेलं असतंच, पण कथील कमी घातलेला माल पण त्याच नावानं विकला जातो, जॉइंट मळकट येतो आणि जास्त गरम करावं लागतं. ६३/३७ मिळाली तर तीच घ्या, १८३ अंशाला एकदम वितळते आणि लगेच घट्ट होते. पहिल्यांदा छोटीच गुंडाळी न्या, घरी दोन-चार जॉइंट मारून बघा, चकचकीत आले तर मग अर्धा किलोची रीळ घ्यायला परत जा.